काटा दहावर

"काच पुसून घे आधी," साहेब म्हणाले. "मी तुला नीट दिसलो पाहिजे."

मी केबिनमधून उतरलो, फडक्यानं समोरची काच पुसली आणि पुन्हा वर चढून बसलो. साहेब तोवर चालायला लागले होते. गाडीपासून तीस पावलांवर मैदानात फक्कीची पांढरी रेघ मारलेली होती. कवायतीच्या वेळी मोजून पावलं टाकावीत तसे ते त्या रेघेवर जाऊन उभे राहिले, माझ्याकडे तोंड करून. टोपी, कमरेचा पट्टा आणि घड्याळ त्यांनी आधीच काढून एस्तर सिस्टरांच्या हातात दिलं होतं. सिस्टरांनी ते सगळं दोन्ही हातांत धरलं होतं, ऑपरेशनच्या खोलीतला ट्रे धरावा तसं.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी, मच्छिंद्र खिलारी, तेव्हा जिल्हा पोलीस मुख्यालयात ड्रायव्हर होतो. जमावावर पाण्याचा मारा करायची गाडी आमच्या जिल्ह्यात दोनच महिन्यांपूर्वी आली होती. निळी, दहा चाकांची, पोटात बारा हजार लिटर पाणी. टपावर दोन नळ्या, त्यांना आम्ही तोफाच म्हणायचो. तोफा फिरवायची दांडी आणि पाण्याचा दाब कमी-जास्त करायची मूठ केबिनमध्ये, आणि मुठीच्या वर दाब दाखवणारं काट्याचं गोल घड्याळ. ती चालवायचं आठ दिवसांचं शिक्षण घेतलेला जिल्ह्यात मी एकटाच. त्यामुळे जरा तोऱ्यातच असायचो.

एस्तर भिंगारदिवे सिस्टर त्या वेळी सहासष्ट वर्षांच्या होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. अंगानं काडी, पांढरी साडी, हातात कायम काळी छत्री. आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या बायका त्यांना नावानं ओळखायच्या, कारण निम्म्यांची बाळंतपणं त्यांनीच केलेली. डोंगरपट्ट्यातल्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायचं वर ठरलं होतं. तो बंद झाला असता तर चाळीस गावांतल्या बायांना कळा सुरू झाल्यावर जीपमध्ये बसून दोन घाट उतरावे लागले असते. म्हणून सोमवारी कलेक्टर कचेरीवर बायकांचा मोर्चा निघणार होता, आणि तो काढणाऱ्या सिस्टर होत्या.

शनिवारी सकाळी केंजळे साहेबांनी, म्हणजे आमच्या पोलीस अधीक्षकांनी, शांतता समितीच्या पंधरा-वीस लोकांना कवायत मैदानावर बोलावलं. सिस्टरांनाही मुद्दाम निरोप गेला. नवी गाडी लोकांनी आधीच बघावी, म्हणजे अफवा उठणार नाहीत, असा साहेबांचा विचार. मी एकदा रिकाम्या मैदानावर फवारा उडवून दाखवला. लोकांनी माना डोलावल्या. मग साहेब बोलले.

"लाठी चालली की डोकी फुटतात. अश्रुधूर सोडला की दम्याचे पेशंट तडफडतात. दगड यायला लागले तर माझ्या पोरांनी काय करायचं? मागच्या वर्षी माझ्या एका शिपायाचा जबडा दगडानं फुटला, अजून तो नळीनं जेवतो. हे त्या सगळ्यापेक्षा बरं आहे. शेवटी पाणीच आहे. माणूस भिजतो, घरी जातो, कपडे बदलतो."

"डोळ्याच्या वॉर्डात मी अकरा वर्षं काढलीत, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "बुबुळावर नुसता जोरात चेंडू बसला तरी काय होतं ते मला माहीत आहे."

"तोंडावर मारायचं नाही असा नियम आहे, सिस्टर. कमरेच्या खाली मारायचं."

"आणि माणूस वाकला म्हणजे? वाकल्यावर तोंड कुठं येतं?"

समितीतले एक वकील खाकरले. सिस्टर दोन पावलं पुढं आल्या.

"तुम्ही कधी उभे राहिलात याच्यासमोर?"

"नाही."

"तुमच्यापैकी कुणी?"

कुणीच नाही.

"मग मी राहते. सोमवारी जे आमच्यावर सोडणार ते आज माझ्यावर सोडा. उभी राहिले तर मी बायकांना सांगेन की भ्यायचं काही नाही. पडले तर तुम्ही गाडी आणायची नाही. मंजूर?"

छत्री त्यांनी शेजारच्या माणसाकडे दिलीसुद्धा. त्यांच्या आवाजात ना राग होता ना आव. इंजेक्शन देताना 'दंड मोकळा करा' म्हणावं तसं त्या बोलल्या.

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. मग हळूच म्हणाले, "तुम्ही नाही. मी बोललो ना, की नुसतं पाणी आहे? मग मीच राहतो."

तर अशा रीतीनं आमचे अधीक्षक त्या रेघेवर उभे होते. पंचेचाळिशीचे, सहा फूट उंच, कॉलेजात कुस्ती केलेले, वजन ऐंशीच्या वर. मी पंप सुरू केला तेवढ्यात राखीव निरीक्षक सोनटक्के गाडीच्या पायरीवर चढले. मुख्यालयातली आमची हजेरी, रजा, बदल्या सगळं त्यांच्या हातात. खिडकीतून तोंड आत घालून ते माझ्या कानाशी एक वाक्य बोलले आणि उतरले. मी मान हलवली.

साहेबांनी हात वर करून खाली आणला. मी पाणी सोडलं.

धार त्यांच्या मांड्यांवर बसली, मी ती कमरेपर्यंत चढवली. साहेब एक पाऊल मागं सरले, मग आणखी एक. वाकले. पण पाय रोवून उभे राहिले. मी मनात दहा अंक मोजले आणि पाणी बंद केलं. साहेबांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. जानेवारीतली सकाळ, त्यात आमच्याकडची थंडी, दात वाजत होते त्यांचे. पण ते हसत होते. समितीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोनटक्के साहेबांनी सगळ्यांत जोरात.

सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्यांचे हात भरलेले होते. त्या चिखलातून साहेबांपर्यंत चालत गेल्या. मी केबिनचं दार उघडून बसलो होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तुम्ही पडाल."

"चुकायचं काय त्यात, सिस्टर."

"नाही, बोलले ते बोलले. मी दिला शब्द पाळते." त्यांनी घड्याळ साहेबांच्या हातात ठेवलं. "लेकुरवाळ्या बायांना मी निरोप धाडला होता की तुम्ही घरीच थांबा. पाण्याची गाडी आलीय, भरवसा नाही. आज संध्याकाळी गावोगाव सांगून पाठवते की या. लेकरं काखेला घेऊन पुढं चाला. ज्या वॉर्डात ती जन्मली तो बंद करताना कलेक्टरांना त्यांची तोंडं तरी दिसू देत."

"या ना," साहेब म्हणाले. "खुशाल या."

माझा हात अजून मुठीवरच होता.

शिक्षणाच्या वेळी आम्हाला एक गोष्ट करून दाखवली होती. चाळीस किलो वाळूचं पोतं माणसासारखं उभं केलं, वीस पावलांवरून त्याच्यावर धार सोडली. पोतं उडालं आणि फुटलं. आम्ही सगळे हसलो होतो. ते पोतं मला आता दिसायला लागलं. काखेतली लेकरं किती किलोची असतात याचा मी हिशोब करायला लागलो.

मी खाली उतरलो. "साहेब," मी म्हणालो. कुणाचं लक्ष नव्हतं. पुन्हा म्हणालो, "साहेब!"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"साहेब, काटा चारवर होता."

"खिलारी," सोनटक्के म्हणाले, "गाडीत बस."

"मोर्च्यावर दहा ठेवायचा असतो, साहेब. जमाव हटवायचा तर दहा. कागदावर तसंच आहे. मी तुमच्यावर चारनं सोडलं."

गाडीच्या तोफेतून उरलेलं पाणी टपटप गळत होतं. मला वाटलं, आता साहेब माझ्या थोबाडीत मारतील. वीस लोकांसमोर मी त्यांचं हसं केलं होतं. आणि सोनटक्क्यांकडे तर मी बघतच नव्हतो. त्यांनी कानात सांगितलेलं वाक्य तेवढंच होतं, 'चारच्या वर नेलास तर तुझी खैर नाही.' पण खरं सांगतो, ते बोलले नसते तरी मी तेच केलं असतं. आपल्या साहेबावर पूर्ण दाबानं पाणी सोडायची छाती कुणाची होते?

साहेब माझ्याजवळ आले. केसांतून पाणी गळत होतं.

"चार?" त्यांनी विचारलं.

"हो, साहेब."

"चारला मी दोन पावलं मागं गेलो." हे ते मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही. मग त्यांनी हातातलं घड्याळ सिस्टरांपुढं धरलं. "सिस्टर, हे जरा पुन्हा धरा."

सिस्टरांना लगेच उमगलं. "नको साहेब. माझं समाधान झालं. या पोरानं खरं सांगितलं, तेवढं पुरे. लेकरं आणू नका म्हणून सांगते मी."

"तुमचं झालं असेल. मी तुम्हाला लेकरं घेऊन या म्हणालो, सिस्टर. आत्ता, या तोंडानं." एवढं बोलून ते वळले आणि रेघेकडे चालू लागले.

रेघ आता उरलीच नव्हती, पाण्यानं धुऊन गेली होती. त्यांनी अंदाजानं जागा धरली. समितीतले दोघे-तिघे 'साहेब, साहेब' करत पुढं झाले, साहेबांनी हातानंच त्यांना थोपवलं. तेव्हा सिस्टरांनी काय करावं? वाद त्यांनी जिंकलेला होता. त्या बाजूला उभ्या राहून बघू शकल्या असत्या. त्या तरातरा त्यांच्यामागे गेल्या आणि ओरडून सांगायला लागल्या.

"हनुवटी छातीला लावा! डोळे मिटा! मिटा म्हणते ना. दोन्ही हात तोंडावर घ्या, असे, कोपरं खाली. जीभ दातांत येऊ देऊ नका!"

जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी पहिलीतल्या पोरासारखं एकेक ऐकलं. हनुवटी लावली, डोळे मिटले, हात तोंडावर घेतले. सिस्टर बाजूला झाल्या. हाताआडून साहेबांचा आवाज आला.

"खिलारी, हात कापतोय का?"

"हो, साहेब!"

"मग दोन्ही हातांनी धर. आणि चोरी करू नकोस!"

मी दाब वाढवला. पंपाचा आवाज चढत गेला, केबिनच्या काचा थरथरायला लागल्या. काटा सहावर, आठवर, मग दहावर. मी तोफ खाली घेतली, बरोबर कमरेच्या रेषेत. देवाचं नाव घेतलं आणि सोडलं.

चारच्या पाण्याला पाणी म्हणावं. दहाचं पाणी वेगळंच काहीतरी असतं. ते पांढरं असतं आणि सरळ जातं, लोखंडाच्या कांबीसारखं. मी आठ दिवस ते बघितलेलं होतं, पण रिकाम्या जागेवर. साहेब मागं सरले नाहीत, वाकले नाहीत, पडलेही नाहीत. ते उचलले गेले. सहा फूट उंचीचा माणूस, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, माझ्या डोळ्यांसमोर हवेत आडवा झाला आणि चार-पाच हात लांब जाऊन खांद्यावर आदळला. तिथून पुढं घरंगळत गेला. मी मूठ कधी बंद केली मला आठवत नाही. ते उभे होते तिथं त्यांचा एक बूट चिखलात तसाच रुतून होता, बंद बांधलेला. पायच तेवढा त्यातून निघून गेला होता. आणि त्याच्या शेजारी धारेनं टोपलीएवढा खड्डा पाडला होता.

कुणीही हललं नाही. पोलीस नाहीत, समितीचे लोक नाहीत. सगळे त्या खड्ड्याकडे बघत होते.

धावल्या त्या सिस्टर. सहासष्ट वर्षांच्या, चपला चिखलात टाकून. साहेबांजवळ गुडघ्यावर बसल्या.

"हलू नका. अजिबात हलू नका. मान दुखते? बोटं हलवून दाखवा. ही किती?"

"तीन."

"शाब्बास. तुम्ही दोघं, इकडं या. फळी आणा, फळी! तू काय बघत बसलास? तुझा कोट काढ आधी!"

हे शेवटचं सोनटक्के साहेबांना होतं. त्यांनी निमूट कोट काढून दिला. मैदानावर त्या क्षणी हुकूम एकाच माणसाचा चालत होता.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. साहेबांचे ओठ निळे पडले होते. डाव्या खांद्याचं हाड वर आलेलं दिसत होतं. त्यांनी सिस्टरांचं मनगट धरलं आणि एखाद्या लहान मुलासारखं विचारलं, "मी पाय रोवले होते ना?"

"रोवले होते, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "मी बघत होते. पक्के रोवले होते."

संध्याकाळी मला दवाखान्यात बोलावणं आलं. मी पट्टा, टोपी सगळं नीट करून गेलो. निलंबनाचा कागद मिळणार, असं घरी सांगूनच निघालो होतो. साहेबांचा खांदा प्लास्टरमध्ये होता. कारकून शेजारी बसून त्यांनी सांगितलेला आदेश लिहून घेत होता. सोमवारी गाडी मुख्यालयाच्या फाटकाबाहेर निघणार नाही. इथून पुढं कुठल्याही जमावासमोर ती न्यायची तर लेखी हुकूम हवा आणि त्यावर त्यांची स्वतःची सही हवी. बायका, मुलं, म्हातारी माणसं असतील तिथं ती न्यायचीच नाही. कारकून गेल्यावर साहेब माझ्याकडे वळले.

"चारवर ठेव असं कुणी सांगितलं होतं?"

"माझ्याच मनानं ठेवलं, साहेब."

सोनटक्के पायरीवर चढलेले साहेबांनीही पाहिलेलं असणार. पण पुढं विचारलं नाही.

"आणि दुसऱ्या वेळी? खरंच दहा होता?"

"हो, साहेब. देवाशपथ दहा होता."

"बरं झालं," ते म्हणाले आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मी निघणार इतक्यात ते डोळे न उघडताच बोलले. "पहिल्या वेळी मी जिंकलो असं मला वाटलं, खिलारी. हसत होतो मी. 'खुशाल या' म्हणालो. तू खाली उतरला नसतास तर..."

मी सलाम करून बाहेर आलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. साहेबांवर वरून चौकशी लागली. अधिकाऱ्यानं असा पोरखेळ करावा का, असं त्यांना विचारलं गेलं. आठ महिन्यांनी त्यांची बदली झाली. त्यांचा डावा हात पुढं कधीच खांद्याच्या वर गेला नाही. वॉर्ड त्या वर्षी वाचला, पण चार वर्षांनी बंद झालाच. नव्या साहेबांनी जुना आदेश बाजूला ठेवला, गाडी पुन्हा रस्त्यावर निघाली. मी ती चालवायला नकार दिला तेव्हा मला डोंगरातल्या एका चौकीवर टाकलं, निवृत्त होईपर्यंत मी तिथंच होतो. सिस्टर गेल्या त्या दिवशी रजा मिळाली नाही म्हणून मी न सांगता गेलो. कब्रस्तानात केंजळे साहेबही आलेले होते, कुठूनसा रात्रभर प्रवास करून. आम्ही एकमेकांशी बोललो नाही, शेजारी उभे राहिलो एवढंच.

पण सोमवारचं सांगायचं राहिलं.

गाडी आतच असल्यामुळे मला त्या दिवशी कलेक्टर कचेरीसमोर बंदोबस्ताला उभं केलं होतं. साडेअकराच्या सुमाराला मोर्चा आला. हजारभर बाया असतील. सिस्टर सगळ्यांत पुढं, छत्री उघडून. लेकरं आणू नका, असा निरोप त्यांनी पुन्हा फिरवला होता, पण तो सगळीकडे पोचला नव्हता, किंवा पोचूनही बायांनी मानला नव्हता. काखेला, पाठीला, पदराखाली जिकडं तिकडं लेकरं होती. कचेरीच्या फाटकाशी साहेब उभे होते, गळ्यात झोळी आणि झोळीत हात. डॉक्टरांनी उठू नका सांगितलं असतानाही आलेले. त्यांना बघून घोषणा हळूहळू थांबल्या. शनिवारची गोष्ट एव्हाना गावोगाव गेली होती. पुढच्या बायांनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं, मग एकेक करून त्या जागीच खाली बसल्या. एक दगड उचलला गेला नाही, एक धक्का बसला नाही.

रस्त्याच्या मधोमध दुभाजक होता, गुडघ्याच्या वर येईल एवढा. मी त्याच्याजवळ उभा होतो. डोंगराकडची एक पोरसवदा बाई मागून आली. तिला पलीकडं बसलेल्या बायांत जायचं होतं. तिनं दुभाजकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खांद्यावरची पोर सरळ माझ्या हातात दिली.

"भाऊ, धरा जरा."

दोन-तीन महिन्यांची असेल. डोक्याला टोपडं, डोळ्यांत काजळाची जाड रेघ. पाच किलोसुद्धा भरली नसती. तिनं माझ्या वर्दीवरचं चकचकीत बटण बघितलं आणि त्याच्याशी काहीतरी बोलायला लागली. तोंडातून लाळेचा बुडबुडा आला, फुटला, दुसरा आला. शनिवारी ऐंशी किलोचा माणूस ज्या हातांनी मी हवेत उडवला त्याच हातांत ती होती, आणि तिची मान सावरायची कशी हेही मला धड समजत नव्हतं.

तिची आई निऱ्या सावरत दुभाजक ओलांडून पलीकडं उतरली. पदर खोचून तिनं हात पुढं केले. मी पोर दिली. घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली आणि ती दचकली.

"अगं बया! केवढे गार पडलेत हात," ती म्हणाली. "उन्हात उभे राहा की, भाऊ." आणि पोरीला खांद्यावर टाकून बायांमध्ये जाऊन बसली.